मेन्यू कुणाचा? डाउनलोड केलेल्या सिनेमाच्या हरवलेल्या पहिल्या पानाबद्दल

मागच्या लेखात आपण कंटेनर म्हणजे काय ते पाहिलं. एमपी४ काय किंवा एमकेव्ही काय, हा एक डबा. आत चित्राचा ट्रॅक, आवाजाचे एक-दोन ट्रॅक, सबटायटल्स, आणि कुठून काय सुरू होतं याच्या नोंदी. आज बोलायचंय ते या डब्यात सहसा जे नसतं त्याबद्दल. म्हणजे मेन्यूबद्दल.

डीव्हीडी प्लेअरमध्ये तबकडी सरकवली की सिनेमा लगेच सुरू व्हायचा नाही. आधी एक पान यायचं. मागे संगीत, एखादं हलतं दृश्य आणि चार बटणं: सिनेमा पाहा, प्रसंग निवडा, भाषा, आणि बाकीच्या गमतीजमती. आत्ता बारावीत असलेल्या वाचकांनी हे पान कदाचित पाहिलंही नसेल. तोच सिनेमा डाउनलोड केला की एक फाइल हातात येते. डबल क्लिक, आणि थेट निर्मितीसंस्थेचा लोगो. पहिलं पान गायब.

हे का झालं असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, गरजच उरली नाही, खालची पट्टी ओढली की झालं. मला हे उत्तर पटत नाही. माझ्या प्रबंधाचा विषय 'परस्परसंवादी दृश्यमाध्यमांचं दीर्घकाळ जतन' असा भारदस्त आहे. (घरी मात्र 'मेन्यूवर पीएचडी करतोय' एवढंच सांगितलं जातं, आणि पाहुण्यांना ते हॉटेल मॅनेजमेंट वाटतं.) त्या निमित्ताने गेली तीन वर्षं मी जुनी फॉरमॅट्स उघडून बघतोय. त्यावरून माझं मत असं झालंय की मेन्यूची गरज संपली नव्हती. मेन्यू फाइलमधून काढून दुकानात ठेवला गेला, आणि दुकानाने आपली मांडणी बदलली तेव्हा तो गेला. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ॲपलचे 'आयट्यून्स एक्स्ट्राज'. हा लेख मुख्यतः त्यावरची टीका आहे. पण आधी डीव्हीडी समजून घेऊ, नाहीतर टीका कशावर ते कळणार नाही.

डीव्हीडीच्या मेन्यूमागे एक अगदी गरीब बिचारा संगणक असतो. खरंच असतो: डीव्हीडीच्या मानकात एका छोट्या व्हर्च्युअल मशीनची व्याख्या आहे. आकडे साठवायला त्याच्याकडे १६ बिटांचे १६ कप्पे. शिवाय प्लेअरची स्थिती सांगणारे २४ कप्पे: कुठली भाषा निवडलीय, कुठला ट्रॅक चालू आहे वगैरे. बेरीज-वजाबाकी, तुलना, 'इथे उडी मार', बस्स. मागचं चित्र म्हणजे साधा व्हिडिओ. बटण उजळल्यासारखं दिसतं ते त्यावर पसरलेल्या चार रंगांच्या एका पातळ चित्रामुळे. एका पानावर जास्तीत जास्त ३६ बटणं, आणि एका बटणामागे एकच आज्ञा. रिमोटवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबलं की कुठल्या बटणावर जायचं हेसुद्धा प्रत्येक बटणाच्या पोटात लिहिलेलं असतं. म्हणजे मेन्यू करणाऱ्याला बसून विचार करावा लागायचा, की 'भाषा' या बटणावर असलेला माणूस खाली दाबेल तेव्हा त्याला कुठे जायची अपेक्षा असेल?

एवढ्या तुटपुंज्या साधनांत लोकांनी काय काय केलं! 'मेमेंटो'ची दोन तबकड्यांची खास आवृत्ती घ्या. (आपल्याकडच्या 'गजनी'मागचा तो सिनेमा.) तिचे मेन्यू मानसशास्त्रीय चाचणीसारखे आहेत. सिनेमा सुरू करायलाही प्रश्नांमधून वाट काढावी लागते, आणि त्यात कुठेतरी सिनेमा घटनाक्रमाने, म्हणजे सुलट बघायची सोय लपवलेली आहे. ज्या सिनेमाचा नायक आठवण धरून ठेवू शकत नाही, त्याचा प्रेक्षक मेन्यूतच हरवतो. सोळा कप्प्यांच्या यंत्रावर केलेलं हे काम सिनेमाचाच भाग आहे असं मी मानतो. ते काढून नुसती मुख्य फाइल ठेवली तर पुस्तकाचं मुखपृष्ठ फाडल्यासारखं होतं म्हणण्यापेक्षा, एक प्रकरणच फाडल्यासारखं होतं.

डीव्हीडी काही संत नव्हती. मधल्या जाहिराती पुढे ढकलता येऊ नयेत अशी बंदी घालायची सोय याच मानकात आहे, आणि ती भरपूर वापरली गेली. प्रदेशांचे संकेत होते. भारत पाचव्या प्रदेशात. कुलूपबंदी होती. पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती: मेन्यू सिनेमाच्या सोबत, त्याच तबकडीवर, त्याच फोल्डरमध्ये असायचा. तबकडीची हुबेहूब प्रत काढून ठेवली तर आज व्हीएलसीमध्ये ती मेन्यूसकट चालते. मूळ प्लेअर बनवणारी कंपनी बुडाली तरी फरक पडत नाही.

आणि मेन्यू करणं फक्त स्टुडिओंच्या हातात नव्हतं. महाराष्ट्रात मेन्यूची कला कुणी रुजवली असेल तर ती लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी. तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओतसुद्धा तयार साचे असायचे: गुलाबाच्या पाकळ्या, सनईचा तुकडा, वधूवरांचा फोटो हृदयाच्या आकारात, आणि बटणं: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, सप्तपदी, रिसेप्शन. साचे भडक होते, मान्य. पण साडेतीन तासांच्या चित्रणात आजीला फक्त मंगलाष्टका बघायच्या असल्या तर रिमोटवर दोनदा खाली आणि एकदा ओके. आता त्याच स्टुडिओकडून पेनड्राइव्ह मिळतो. त्यात साडेतीन तासांची एक एमपी४ फाइल, नाहीतर 'फायनल', 'फायनल २' अशा नावांच्या सहा. त्या आजीला आता नातू लागतो.

म्हणून 'गरज उरली नाही' हे उत्तर मला पटत नाही. मोबाइल हातात धरून पट्टी ओढणाऱ्याची गरज उरली नसेल. तीन मीटर लांब बसलेल्या, रिमोट धरलेल्या माणसाची आहे.

आता मूळ मुद्दा. ९ सप्टेंबर २००९ रोजी ॲपलने आयट्यून्स ९ आणलं, आणि त्यासोबत गाण्यांसाठी 'आयट्यून्स एलपी' आणि सिनेमांसाठी 'आयट्यून्स एक्स्ट्राज'. कल्पना सोपी: सिनेमा विकत घेऊन डाउनलोड करा, सोबत मेन्यू मिळेल. प्रसंगांची यादी, पडद्यामागची दृश्यं, छायाचित्रं, सगळं. (आपल्याकडे त्या वेळी हे दुकानच नव्हतं, भारतात आयट्यून्सवर गाणी-सिनेमे मिळायला डिसेंबर २०१२ उजाडावा लागला.)

आतली रचना पाहिली की आधी कौतुकच वाटतं. एक्स्ट्राजचं पॅकेज उघडलं तर आत एक छोटं संकेतस्थळ आहे: एचटीएमएलची पानं, सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रांचं फोल्डर. त्यावर ॲपलने 'ट्यूनकिट' नावाची जावास्क्रिप्टची चौकट दिली होती. माउस असो की रिमोटचे बाण, कुठल्या बटणावरून कुठे जायचं हे ती सांभाळायची. पान १२८० बाय ७२० पिक्सेलचं, म्हणजे त्या काळच्या एचडी टीव्हीला साजेसं. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलने याची माहितीपत्रकं आणि नमुने खुले केले, आणि घरबसल्या लोकांनी आपापल्या सिनेमांना मेन्यू करायला सुरुवात केली. डीव्हीडीचा मेन्यू करायचा तर खास सॉफ्टवेअर शिकावं लागायचं. इथे नोटपॅड आणि थोडं एचटीएमएल येत असलं की पुरे. चार रंगांच्या पातळ चित्राऐवजी खरा मजकूर, खरी पारदर्शकता, हवी ती हालचाल. कागदावर पाहिलं तर डीव्हीडीपेक्षा सगळ्याच बाबतींत सरस.

मग खोट कुठे आहे?

पहिली खोट म्हणजे सिनेमा त्या पॅकेजमध्ये नसतो. मेन्यू एक वस्तू, सिनेमा दुसरी वस्तू, आणि दोघांना जोडणारा एक ओळखक्रमांक. मेन्यूवरचं 'प्ले' बटण म्हणतं, 'या क्रमांकाचा सिनेमा लायब्ररीत शोध आणि लाव.' लायब्ररी कुणाची? आयट्यून्सची. पॅकेज दुसऱ्या संगणकावर नेलं आणि तिथल्या लायब्ररीत त्या क्रमांकाचा सिनेमा नसला, तर त्या सुंदर बटणामागे काहीच नाही. वर सिनेमाच्या फाइलला कुलूप. २००९ पर्यंत आयट्यून्सवरची गाणी कुलूपमुक्त झाली होती, पण सिनेमे झाले नव्हते. म्हणजे पंचवीस वर्षांनी कुणी जुना मॅक जिवंत केला, त्यावर आयट्यून्स ९ चालवलं, मेन्यूही उघडला, तरी सिनेमा लावायला परवानगी मागावी लागणार ती ॲपलच्या सर्व्हरकडे. आमच्या क्षेत्रात 'एम्युलेशन' हा जुन्या यंत्राचं सोंग घेण्याचा उपाय फार प्रिय आहे. पण सोंग घेता येतं ते घरातल्या यंत्राचं. लांबच्या सर्व्हरचं, तेही त्याच्या मालकाच्या संमतीशिवाय, कसं घेणार?

दुसरी खोट रचनेतली, आणि समीक्षक म्हणून मला ती जास्त खटकते. हातात अख्खा वेब ब्राउझर असताना एक्स्ट्राजने केलं काय? डीव्हीडीचीच नक्कल. तेच मुखपृष्ठ, तीच चार बटणं, प्रसंगांची तीच चौकोनी चित्रं. डीव्हीडीवरचा मेन्यू तसा होता त्याला कारणं होती: बटणांची मर्यादा, एका बटणाला एक आज्ञा, मजकूर म्हणून काही नाहीच. ही बंधनं नसताना मेन्यू काय होऊ शकतो? प्रेक्षकाने स्वतःच्या टिपा जोडायच्या, संवादातला शब्द शोधून त्या क्षणावर जायचं, दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या. जावास्क्रिप्ट येणाऱ्या कुणालाही यातलं बरंच जमलं असतं. पण एक्स्ट्राजचे नमुने असे होते की ते भरले की डीव्हीडीच तयार व्हावी. नमुना काय देतो त्यावर लोक काय करतील ते ठरतं. लग्नाच्या गुलाबपाकळ्यांच्या साच्यांनी हे आपल्याला आधीच शिकवलं होतं.

तिसरी गोष्ट घडली ती वर्षभरातच. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपल टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्ट्राजची सोय आली, म्हणजे मेन्यू टीव्हीवर, रिमोटच्या टप्प्यात पोचला. सप्टेंबर २०१० मध्ये दुसऱ्या पिढीचा ॲपल टीव्ही आला: छोटा, स्वस्त, हार्ड डिस्क नसलेला. साठवायचं नाही, फक्त प्रवाहातून बघायचं. त्यात एक्स्ट्राज नव्हते. दिवाणखान्यासाठी घडवलेला मेन्यू पुन्हा संगणकावर जाऊन बसला. जुलै २०१४ मध्ये आयट्यून्स ११.३ सोबत एक्स्ट्राज नव्या रूपात, एचडी सिनेमांपुरते, टीव्हीवर परतले. आधी विकत घेतलेल्या एचडी सिनेमांनाही नवे एक्स्ट्राज आपोआप जोडले जातील असं जाहीर झालं. ग्राहकाला हे आवडणारच, फुकट मिळतंय. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. तुम्ही विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग तुमच्या घरात न शिरता बदलता येतो, तसा तो काढताही येतो. २०१९ मध्ये मॅकवरचं आयट्यून्सच मोडून त्याचे वेगवेगळे ॲप झाले. हौशी लोकांनी घरी केलेल्या मेन्यूंचं घर गेलं.

यात गंमत म्हणा की दुर्दैव, याच कंपनीने दहा-अकरा वर्षं आधी नेमकं उलटं करून दाखवलं होतं. १९९८ च्या क्विकटाइम ३ मध्ये 'वायर्ड स्प्राइट्स' नावाची सोय होती. सिनेमाच्या फाइलमध्येच आणखी एक ट्रॅक, त्यात छोटी चित्रं, आणि त्या चित्रांना चिकटवलेल्या आज्ञा: यावर क्लिक झालं तर अमुक वेळेवर जा, तमुक ट्रॅक बंद कर. म्हणजे मेन्यू फाइलच्या पोटात. फाइल पाठवली की मेन्यू गेला. आज सर्रास वापरतो तो एमपी४ चा डबा याच क्विकटाइमच्या रचनेवरून आला. आणि मूळ एमपीईजी-४ मानकात तर 'बिफ्स' नावाची, पडद्यावर बटणं आणि वस्तू मांडून त्यांना वागणूक देणारी अख्खी भाषा होती. म्हणजे ज्या कुटुंबातला एमपी४ आपण 'नुसता व्हिडिओ' समजतो, त्या कुटुंबाच्या जन्मपत्रिकेत मेन्यूचा योग होता. प्लेअर बनवणाऱ्यांनी तो भाग घेतला नाही, एवढंच.

फाइलमध्येच मेन्यू ठेवायचे प्रयत्न आणखीही झाले. २००५ मध्ये डिव्हएक्स ६ ने स्वतःचं फॉरमॅट आणलं, त्यात मेन्यू, प्रसंग, अनेक सबटायटल्स, सगळं एकाच फाइलमध्ये. चांगली कल्पना, पण मेन्यू दिसायला डिव्हएक्सचीच मान्यता असलेला प्लेअर हवा, बाकीच्यांना फक्त सिनेमा दिसायचा. माट्रोस्का, म्हणजे एमकेव्ही, हा खुला प्रकल्प २००२ पासूनचा. त्याच्या आराखड्यात प्रसंगांच्या नोंदीला आज्ञा चिकटवायची सोय आहे. डीव्हीडीच्या आज्ञा जशाच्या तशा ठेवता येतात, नाहीतर त्यांची स्वतःची एक इवलीशी भाषा आहे, जिची मुख्य आज्ञा एकच: अमुक प्रसंगावर जा आणि वाजव. बटणांसाठी वेगळ्या प्रकारचा ट्रॅकही राखून ठेवलाय. व्हीएलसीसारखे मोजके प्लेअर सोडले तर कुणी हे वाचत नाही. जेवण वाढलेलं आहे, पण पानावर कुणी बसतच नाही.

आता प्लेअर बनवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण तिच्यात दम आहे. फाइल उघडल्यावर त्यातला कार्यक्रम आपोआप चालू देणं धोक्याचं असतं. ब्लू-रेने मेन्यूसाठी चक्क जावा ठेवली, इंटरनेटसकट. आणि २०१५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की तबकडीवरच्या जावामधून प्लेअरमध्ये घुसता येतं. कुणी पाठवलेला सिनेमा उघडावा आणि त्याने घरचं नेटवर्क चाचपावं, हे कुणाला हवंय? अनोळखी फाइलमधलं जावास्क्रिप्ट चालवायला नकार देणारा प्लेअर शहाणाच म्हणायचा.

इथे मला डीव्हीडीच्या त्या गरीब संगणकाची पुन्हा आठवण होते. त्याला इंटरनेट माहीत नाही, फाइल लिहिता येत नाही, सोळा कप्प्यांपलीकडे काही आठवत नाही. त्यामुळे तो काही बिघडवूही शकत नाही. आणि इतका लहान असल्यामुळे स्वयंसेवकांनी त्याची नक्कल एका छोट्या लायब्ररीत बसवली, जी व्हीएलसीच्या आत आजही चालते. एक्स्ट्राजचा इंजिन म्हणजे २००९ सालचा अख्खा ब्राउझर, अधिक आयट्यून्स, अधिक दुकानाचा सर्व्हर. एवढं सगळं जपून ठेवणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच उलट्या नात्याबद्दल आहे: मेन्यूच्या भाषेला जितकं जास्त करता येतं, तितका तो मेन्यू लवकर मरतो. (मॅडमचं म्हणणं, 'नातं' हा शब्द काढ, अजून सिद्ध केलेलं नाहीस. बरोबर आहे त्यांचं. इथे मात्र ठेवतो.)

प्रवाहाच्या जगात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली. नेटफ्लिक्सचा 'बँडरस्नॅच' डिसेंबर २०१८ चा. दर थोड्या वेळाने दोन पर्याय येतात, दहा सेकंदांत निवडायचं, नाही निवडलं तर सिनेमाच निवडतो. मेन्यू सिनेमाच्या आधी न येता सिनेमाभर पसरलेला. त्यावर कितीतरी अभ्यासलेख लिहिले गेले. मे २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. यूट्यूबवर लोकांनी चढवलेल्या चित्रफिती सापडतात, पण त्या म्हणजे एकेका माणसाने निवडलेली एकेक वाट. चौकात उभं राहून कुठल्या रस्त्याने जायचं हा प्रश्न पडण्याचा जो अनुभव, तो त्यांत नाही. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर ती रचना सोपी आहे: व्हिडिओचे तुकडे, त्यांना जोडणारा आलेख, आणि आतापर्यंत काय निवडलं ते साठवणारे काही कप्पे. डीव्हीडीच्या सोळा कप्प्यांत त्यातलं सगळं नाही, पण बरंचसं बसलं असतं.

यात मराठीचा संबंध काय, असं वाटेल. दोन ठिकाणी आहे.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. तिथे रिळांसोबत भित्तिपत्रकं आणि चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात. त्या पुस्तिकांमधून आपल्याला कळतं की सिनेमा लोकांसमोर कसा मांडला गेला, कथासार कुठे थांबवलं, कुणाचं नाव वर छापलं. जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकाने पुस्तकाच्या मुखपृष्ठ-प्रस्तावना वगैरेंना 'पॅराटेक्स्ट' म्हटलं, तसलंच हे. मराठी सिनेमांच्या व्हीसीडी-डीव्हीडींचे मेन्यू म्हणजे २००० नंतरच्या दशकातल्या गाण्यांच्या पुस्तिका. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा हे सिनेमे घरोघर गेले. आता कुणी त्या तबकड्या 'डिजिटाइझ' करतो म्हणजे काय करतो? सगळ्यात मोठी व्हीओबी फाइल उचलतो, एमपी४ करतो, तबकडी रद्दीत. मेन्यू तिथेच संपतो. एवढीच विनंती की तबकडीची पूर्ण प्रत, आयएसओ, आधी काढा. जागा चार-आठ जीबी लागते, तेवढी आता कुणाकडेही असते.

दुसरा संबंध अक्षरांचा. डीव्हीडीवर मजकूर नसतो, मजकुराचं चित्र असतं. हा तिचा दोष समजला जातो, पण त्यामुळे देवनागरी जगातल्या कुठल्याही प्लेअरवर अचूक उमटायची. ज्याने मेन्यू केला त्याच्या संगणकावर जोडाक्षर नीट दिसलं म्हणजे ते कायमचं नीट. मानकात मेन्यूची भाषा दोन अक्षरी संकेताने नोंदवता येते आणि त्यात मराठीचा 'एमआर'सुद्धा आहे. म्हणजे एकाच तबकडीवर मराठी आणि इंग्रजी मेन्यूंचे वेगळे संच ठेवता यायचे. खरा मजकूर आला की अक्षरं जोडायचं काम प्लेअरवर येतं, आणि अनेक टीव्ही अजून ते नीट करत नाहीत. 'रिसेप्शन'मधली पहिली वेलांटी र च्या पुढे जाऊन बसते, 'मंगलाष्टका'तला ष पाय मोडून उभा राहतो. पण चित्र म्हणजे चित्रच: दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन-रीडरला त्यातलं काही वाचता येत नाही, शोधता येत नाही, अक्षर मोठं करता येत नाही. या बाबतीत एक्स्ट्राजचा खरा मजकूर निश्चितच पुढचं पाऊल होतं, आणि ते पाऊल मला सोडायचं नाही.

म्हणून सध्या मी करून बघतोय ते असं. एका मित्राचा वीस मिनिटांचा मराठी लघुपट, सात बटणांचा मेन्यू. एकदा तो 'डीव्हीडीऑथर' या मोफत साधनाने केला. तिथे मेन्यू म्हणजे एक एक्सएमएल फाइल, आणि बटणामागची आज्ञा जवळजवळ बोलल्यासारखी, 'जम्प टायटल १'. मग तोच एमकेव्हीमध्ये. प्रत्येक प्रसंगाला देवनागरी नाव आणि सोबत त्याच नावाचं चित्र, म्हणजे ज्या प्लेअरला अक्षरं जमत नाहीत त्याने चित्र दाखवावं आणि ज्याला वाचून दाखवायचंय त्याने मजकूर घ्यावा. आज्ञा फक्त 'जा आणि वाजव', आठवायला काही कप्पे, बाकी काही नाही. माट्रोस्काच्या आराखड्यात प्रसंगाचं नाव अनेक भाषांत ठेवायची सोय आहेच, तेवढ्यासाठी नवं मानक लागत नाही. मेन्यू न समजणाऱ्या प्लेअरला निदान प्रसंगांची नावं तरी यादीत दिसतात.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर मेन्यूची वाट पाहू नका, प्रसंगांची नावं आजच टाकता येतात. 'एमकेव्हीटूलनिक्स' मोफत आहे. त्यातल्या प्रसंगांच्या खिडकीत वेळ आणि नाव भरायचं: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका. साडेतीन तासांच्या फाइलला दहा मिनिटं पुरतात, आणि व्हिडिओ पुन्हा रेंडर करावा लागत नाही. पेनड्राइव्ह देण्याआधी ज्या घरी द्यायचाय तिथला टीव्ही ही नावं दाखवतो का, तेवढं एकदा लावून बघा.